कणगीतला गळ

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. गळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मासा आला असेल, तर त्याला आधी पाण्यात सोडून द्या. आमच्या शिरूर कासारच्या बाजूला माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथं मासे कुठून यायचे? मी विहिरीत पडलेली भांडी वर काढणारा गळ आहे. वर दोर बांधायला एक जाड कडी आणि खाली चारी दिशांना वळलेली चार बोटं, एवढाच माझा देह. दिसायला मी अजिबात देखणा नाही. पण तळाशी गेलेली वस्तू माझ्याशिवाय कोणाला सापडत नसे आणि याचा मला, खोटं कशाला बोलू, भारी गर्व होता.

माझा जन्म शिरूर कासारच्या बाजारात, नबीचाचांच्या भट्टीत झाला. त्याआधी मी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होतो. गाड्यांना रबरी टायर आले आणि आम्ही धावा भंगारात निघालो. त्यातलीच एक खांद्यात अडकवून जालिंदर चाचांच्या दुकानात आला. जालिंदर म्हणजे विहिरी बांधणारा गवंडी. खोल उतरून कडेचे दगड बसवणं हे त्याचं काम. त्यामुळे कोणाची घागर विहिरीत पडली की गाव त्यालाच हाक मारायचं आणि सारखं खाली उतरून तो वैतागला होता.

चाचांनी मला तापवलं, तोडलं, ठोकलं. बोटांना टोकं काढायला त्यांनी हातोडा उचलला, तेव्हा जालिंदर घाईनं म्हणाला, "चाचा, टोकं गोल ठिवा. भांडं निसटलं तर पुन्हा टाकता येतंय. कुणाच्या अंगात रुतलं तर काय करायचं?"

"अरे भाऊ," चाचा हसले, "हिरीतून भांडी काढायची हायेत का माणसं?"

पण टोकं त्यांनी गोलच ठेवली. मग मला दुकानाच्या आढ्याला टांगलं, माझ्या बोटांवर दोन्ही पाय दिले आणि आपला सगळा भार माझ्यावर टाकून ते लोंबकळले. मी तसूभरही वाकलो नाही. "बघ!" चाचा वरूनच ओरडले. "ह्यो मला पेलतोय, म्हंजे तुमच्या गावाला पेलंल!"

जालिंदरच्या घरी दारामागच्या खुंटीवर माझी जागा ठरली. त्याच्या आजीला एके काळी गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. ती लांब उभी राहायची आणि कोणीतरी वरून भांड्यात पाणी ओतेपर्यंत वाट बघायची. आता त्याच विहिरीसाठी सगळं गाव जालिंदरच्या दाराशी येऊन म्हणत होतं, "जालिंदरभाऊ, जरा गळ द्या." जालिंदरनं कधी कोणाला नाही म्हटलं नाही. त्याची बायको केशरबाई मात्र मला द्यायच्या आधी पदर सारखा करायची आणि खुंटीपर्यंतची चार पावलं उगाचच सावकाश टाकायची. तिला ते दार, ती हाक आणि तो मान आवडायचा. आवडणारच की!

जालिंदरची अट एकच होती. दिवेलागणीच्या आत गळ परत खुंटीला आला पाहिजे. दुसरा रिवाज गावानं आपणहून पाडला, तो म्हणजे गळ रिकामा परत करायचा नाही. माझ्या बोटाला काहीतरी बांधलेलं असायचं. कधी चार वांगी, कधी गुळाचा खडा, कधी पातीच्या कांद्याची जुडी. काहीच नसलं तर दोन चिंचा तरी असायच्या. अशा थाटात मी घरी यायचो.

मला बांधायची गाठही जालिंदरची खास होती. कडीतून दोन वेढे घ्यायचे, दोराचं टोक मागून आणायचं आणि दोन्ही वेढ्यांच्या खालून ओढायचं. जितका भार जास्त, तितकी ती गाठ घट्ट बसायची. मी घरात आलो तेव्हा दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून त्यानं केशरबाईला ती गाठ शिकवली. तिची गाठ सारखी सुटायची आणि दोघं हसत सुटायची. "आगं, वरून न्हाई, खालून! खालून!" असं जालिंदर ओरडायचा. शेवटी ती जमली, तेव्हा केशरबाईनं त्याचाच हात खुंटीला बांधून टाकला आणि आपण भाकरी थापायला निघून गेली. बिचारा बराच वेळ तिथं उभा होता.

माझ्या कामाचे किस्से सांगायला बसलो तर तुमची शाळा बुडेल. शाळेवरून आठवलं, घंटेचा किस्सा मात्र ऐकाच.

जालिंदरचा मुलगा संजय तेव्हा चौथीत होता. परीक्षेच्या दिवशी शाळेची पितळी घंटाच गायब झाली. गुरुजींनी सगळीकडे शोधली. कोणीतरी म्हणालं, पहाटे विहिरीत काहीतरी जड पडल्याचा आवाज आला होता. गुरुजी स्वतः आमच्या दाराशी आले. मला विहिरीत सोडलं. पहिल्या खेपेला मी एक चप्पल आणली, दुसऱ्या खेपेला कोणाचा तरी चार वर्षांपूर्वी हरवलेला तांब्या. काठावर हशा पिकला. संजय आणि त्याचा दोस्त प्रविण तेवढे अगदी गप्प उभे होते. सातव्या खेपेला गोणपाटात बांधलेली घंटा वर आली. गुरुजींनी ती तिथंच सोडवून घणघण वाजवली आणि पोरं शाळेकडे पळाली.

जालिंदर मात्र हातातल्या गोणपाटाकडे बघत होता. त्याचं तोंड ज्या गाठीनं बांधलं होतं, ती गाठ अख्ख्या गावात एकाच घरी शिकवली जायची. तो गुरुजींना काही बोलला नाही. संध्याकाळी संजयच्या ताटाशेजारी त्यानं ते गोणपाट नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाला, "गाठ लई चांगली मारलीस बघ." संजयच्या घशाखाली घास उतरेना आणि चुलीपुढे केशरबाईला हसू आवरेना.

ते दिवस असे होते. मग पाऊस रुसायला लागला. दर उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला आणि टँकर सुरू झाले. टँकर दारोदार पाणी वाटत बसला तर भांडणं होतात, म्हणून तो विहिरीत रिकामा करतात. मग भांडणं विहिरीच्या काठावर होतात. रहाट एक आणि माणसं शंभर, त्यामुळे सगळे चारी बाजूंनी पोहरे सोडतात. दोर एकमेकांत गुंततात, ओढाओढ होते आणि धपाधप भांडी तळाशी जातात. माझं काम फार वाढलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही जड वाटतं. ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेजारच्या वनमालेनं मला आदल्या दिवशी नेलं होतं. तिची घागर मी काढून दिली. रिवाजाप्रमाणे तिनं माझ्या बोटाला पातीच्या कांद्याची जुडीही बांधली. पण तेवढ्यात तिच्याकडे पाहुणे आले. अंधारून आलं. ती म्हणाली, "आता सकाळी दिऊ." सकाळी ती पाहुण्यांना सोडायला फाट्यावर गेली आणि मी तिच्या कुलूपबंद घरात, दाराच्या कडीला लटकत राहिलो.

त्याच सकाळी टँकर आला. एका म्हातारीचा पोहरा विहिरीत पडला. तो मिळाला नसता तर तिला चार दिवस पाणी मिळालं नसतं. जालिंदरनं मला मागवलं. मी खुंटीवर नव्हतो. वनमालेच्या घराला कुलूप होतं. "गळ न्हाई तर न्हाई, मी हाय की," असं म्हणून तो कमरेला दोरही न बांधता उतरायला लागला. उतरायला कडेच्या बांधकामातून दगड बाहेर काढलेले असतात, त्यावर पाय देत जायचं. पूर्वेकडचा चौथा दगड ढिला झालेला होता. तो जालिंदरच्या पायाखाली हलला आणि जालिंदर खाली कोसळला, तो जिवंत वर आलाच नाही.

मी कुलपाआड होतो. मला फक्त आरडाओरडा ऐकू आला आणि मग एकदम सगळं शांत झालं. माझ्या बोटाला कांद्याची जुडी होती. मित्रांनो, त्या दिवसाइतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

वनमालेनं मला दुसऱ्या दिवशी परत आणलं. तिला समोर यायचं धाडस झालं नाही. मला दारात ठेवून ती रडत पळून गेली. सुकलेली जुडी माझ्या बोटाला तशीच होती. केशरबाईनं मला उचललं, त्या जुडीकडे बघितलं आणि जालिंदरच्या एका जुन्या सदऱ्यात मला दोरासकट गुंडाळलं. घरात पत्र्याची कोठी आल्यापासून धान्याची जुनी कणगी कोपऱ्यात रिकामीच होती. तिनं मला त्या कणगीत टाकलं आणि तिचं तोंड शेणानं लिंपून बंद केलं. गावाला सांगितलं, गळ हरवला. वनमालेशी ती त्या दिवसापासून बोलली नाही.

मी केशरबाईला दोष देत नाही. तिला वाटलं, जे दिसलं की जीव कासावीस होतो ते नजरेआड केलं म्हणजे दुःखही नजरेआड जाईल. पण दुःख काही माझ्याबरोबर कणगीत आलं नाही. ते बाहेरच राहिलं. माझ्याबरोबर आत आली ती घंटा, ती ओट्यावरची गाठ, ते हसू. एक आठवण झाकायला जावं, तर तिच्या शेजारच्या दहाही झाकल्या जातात. जालिंदर कसा गेला ते सांगायचं नाही, म्हणून जालिंदर कसा होता तेही त्या घरात कोणी सांगेनासं झालं. राहिला फक्त भिंतीवरचा हार घातलेला फोटो आणि केशरबाईचा पोहरा. त्या पोहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी जालिंदरचं नाव कोरलेलं होतं आणि त्याच्याशिवाय ती दुसऱ्या कशानंही पाणी ओढत नसे.

पुढची अकरा वर्षं गावानं दुसरा गळ केला नाही. करू, करू म्हणत राहिले. मग नळ येणार अशी बातमी आली. नळ आले, पण नळांना पाणी आलं नाही. पडलेल्या भांड्यांसाठी लोक पुन्हा त्याच दगडांवरून उतरू लागले. मोठी माणसं चौथा दगड टाळून उतरायची. हे कोणी कोणाला मुद्दाम सांगत नसे, ज्याला माहीत त्याला माहीत.

आणि यशोधरेला ते माहीत नव्हतं.

यशोधरा ही संजयची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. तिच्या जन्माआधीच आजोबा गेलेले होते. संजय आणि त्याची बायको दर साली ऊसतोडीला जायची, तेव्हा ती आजीजवळ राहायची. "आज्जी, आजोबा कशानं गेले गं?" असं ती अधूनमधून विचारायची. "आजारानं," केशरबाई म्हणायची आणि कामाला लागायची. मी कणगीतून ऐकायचो.

त्या वर्षी साखर कारखान्याचा हंगाम लांबला. मार्च संपत आला तरी संजय आणि त्याची बायको परत आली नव्हती. टँकर चार दिवसांआड यायला लागला होता. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो आला. केशरबाई आणि यशोधरा विहिरीवर गेल्या. पहिली कळशी भरून केशरबाई घराकडे वळली. "म्या येईपर्यंत हितंच उभी ऱ्हा," असं तिनं नातीला सांगितलं होतं. पण आजीला मदत करावी म्हणून यशोधरेनं पोहरा सोडला. तिला कोणी गाठ शिकवलेली नव्हती. दोर सुटला आणि जालिंदरचं नाव कोरलेला पोहरा तळाशी गेला.

तो पोहरा आजीला किती प्रिय आहे, हे त्या पोरीला पुरतं ठाऊक होतं. काठावर जो तो आपलं पाणी ओढण्यात गुंग होता. आजी यायच्या आत काढावा, असा विचार करून ती पूर्वेकडून उतरायला लागली. एक दगड, दोन दगड, तीन दगड. चौथा हलला.

पुढचं मी घरात बसून ऐकलं, अगदी अकरा वर्षांपूर्वीसारखं. तोच आरडाओरडा. "पोरगी पडली! यशोधरा पडली!" टँकरमुळे विहिरीत तिच्या डोक्यावरून जाईल एवढं पाणी होतं. नशीब असं की ती एकदा बुडून वर आली आणि पाणी उपसायच्या जुन्या मोटारीचा एक गंजका पाइप तिच्या हाती लागला. लोकांनी पोहऱ्याचे बारीक नायलॉनचे दोर सोडले. ओल्या हातांतून ते सरासर निसटत होते. कोणीतरी उतरायला निघालं, तर वरून आणखी दगड ढासळायला लागले. आणि मग मला माझं नाव ऐकू आलं.

"गळ! आरं, गळ आणा कुणीतरी!"

"गळ कुठंय गावात? त्यो तर कवाच हरवलाय!"

केशरबाई दारात पोहोचली होती. कळशी उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज झाला. ती थेट कणगीपाशी आली आणि लिंपलेलं तोंड दोन्ही हातांनी फोडू लागली. अकरा वर्षांचं वाळलेलं शेण ते, सहज कसं निघणार? तिच्यामागून आणखी कोणीतरी धावत आत आलं. ती वनमाला होती.

"अक्का, कावून हितं आलीस? पोरगी तिकडं—"

"कणगी पाड," केशरबाई म्हणाली.

अकरा वर्षांत ती वनमालेशी बोललेले हे पहिले दोन शब्द. वनमालेनं पुढचं काही विचारलं नाही. दोघींनी मिळून कणगी आडवी पाडली, खांदा लावून तिचा काठ मोडला आणि सदऱ्यात गुंडाळलेला मी जमिनीवर येऊन पडलो. वनमाला माझ्याकडे बघतच राहिली.

"हितंच होता व्हय ह्यो?"

"व्हय. चल."

पण उचलताक्षणीच माझा जुना दोर तुकडे होऊन गळून पडला. इतकी वर्षं बंद राहून तो कुजला होता. केशरबाईच्या तोंडून नुसता "आई गं" एवढाच शब्द निघाला. वनमाला मात्र तोवर बाहेर पडली होती. तिच्या घरी उसाची गाडी आवळायचा जाडजूड दोर होता. ती तो ओढतच विहिरीवर घेऊन आली.

काठावर केशरबाईनं दोर हातात घेतला. तिनं माझ्या कडीतून एक वेढा घेतला, दुसरा घेतला आणि ती थबकली. मला वाटलं, संपलं. विसरली. मग तिचे ओठ हलले. "खालून," ती पुटपुटली. "वरून न्हाई, खालून." दोराचं टोक मागून आलं, दोन्ही वेढ्यांखालून गेलं आणि जालिंदरची गाठ माझ्या कडीवर कचकन बसली. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या त्या ओट्यावरच्या दुपारची ती गाठ होती. ती सुटणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

लोक पूर्वेकडे गर्दी करून उभे होते. केशरबाई ओरडली, "तिकडून न्हाई! तिकडचं बांधकाम हालतंय, लोकं हटवा! लिंबाकडून सोडा, लिंबाकडून!"

कोणी तिला विरोध केला नाही. त्या बाजूनं काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? लिंबाच्या झाडाकडून मी खाली सुटलो. अकरा वर्षांनी मला पाण्याचा गारवा लागला. यशोधरेचं तोंड तेवढं वर होतं आणि ओठ निळे पडले होते. मी तिच्या पायांपाशी पोहोचलो.

"यशे, माझे माय," वरून केशरबाईचा आवाज आला. तो अजिबात थरथरत नव्हता. "पाण्यात पाय दे गळावर. दोन्ही पाय. दिलास? आता पाइप सोड आन् दोराला कवळ्यात घे. डोळे झाकलेस तरी चालंल. सोडू नगंस फकस्त."

दोन थंडगार पावलं माझ्या बोटांवर आली. माझी टोकं गोल होती, ती तिला रुतली नाहीत. मला नबीचाचा आठवले, आढ्याला लोंबकळणारे. सगळ्यात पुढे केशरबाई, तिच्यामागे दोर कमरेला गुंडाळून वनमाला आणि तिच्यामागे अर्धं गाव. त्यांनी ओढलं. गाठ करकरली आणि आणखी घट्ट झाली. हातहात करत मी वर आलो आणि माझ्यावर उभी असलेली यशोधरा उन्हात आली.

मित्रांनो, आजवर मी किती तरी हंडे, घागरी काढल्या असतील. पण काठावर पाय टेकल्यावर त्या पोरीनं घेतलेला पहिला श्वास मी ऐकला आणि मला माझ्या लोखंडाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं माझ्यावर बसलेलं ओझं कुठल्या कुठे गेलं.

केशरबाईनं नातीला आधी एक चापट मारली. मग तिला पोटाशी धरून ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. गावानं तिला जालिंदर गेल्यावरही असं रडताना बघितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, ही आता सावरायची नाही. पण ती रडून झाल्यावर डोळे पुसून अगदी मोकळी दिसायला लागली.

दुपारी ओट्यावर गोधडीत गुंडाळलेल्या यशोधरेनं विचारलं, "आज्जी, तिकडचा दगड हालतोय ते तुला कसं ठाव?"

वनमाला तिथंच बसली होती. केशरबाईनं नातीची गोधडी सारखी केली. आता "आजारानं" म्हणेल, असं मला वाटलं. पण तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. कुठल्या दगडावर, कसं, आणि दोर कमरेला नव्हता हेही. यशोधरा डोळे मोठे करून ऐकत होती.

"माझ्यामुळं झालं, अक्का," वनमाला खाली मान घालून म्हणाली. "पाव्हणे आलते. म्हणलं, सकाळी दिऊ. अकरा वर्सं झाली, सांच्याला दिवा लावला की मला त्येच आठवतंय."

"तू एक रात ठिवलास, वनमाला," केशरबाई म्हणाली. "म्या अकरा वर्सं ठिवला. आज पोर गेली असती तर म्या कुणाशी बोलणं सोडलं असतं?"

यशोधरेनं विचारलं, "आन् आजोबा हसायचे का गं कधी?" केशरबाईनं पदरानं नाक पुसलं आणि घंटेची गोष्ट सांगायला घेतली. सातव्या खेपेला घंटा वर येईपर्यंत तिघी हसायला लागल्या होत्या. तुमचा विश्वास बसणार नाही, पण ती गोष्ट अकरा वर्षांनी ऐकताना मीही विसरून गेलो होतो की पहिल्या खेपेला चप्पल आली होती.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पाण्यात सोडलं आणि मी जालिंदरचा पोहरा वर आणला. केशरबाईला तो आता जपून फळीवर ठेवायचा होता. यशोधरा म्हणाली, "मग पाणी कशानं ओढायचं?" पोहरा विहिरीवरच राहिला.

पंधरा दिवसांनी संजय परत आला. लेकीला घट्ट धरून झाल्यावर त्यानं बापाची जुनी हत्यारं काढली, कमरेला दोर बांधला आणि पूर्वेकडचा ढिला दगड काढून नवा बसवला. प्रविणनं काठावर कठडा बांधायला मदत केली. नबीचाचा आता थकले आहेत. त्यांनी दुकानात बसल्या बसल्या माझा गंज घासला आणि माझ्या बोटांवरून हात फिरवला. "टोकं गोल ठिव म्हणला व्हता," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

आता मी कोणाच्याही घरात राहत नाही. विहिरीशेजारच्या लिंबाच्या फांदीला, लहान मुलाचाही हात पोहोचेल एवढ्या उंचीवर मला टांगलं आहे. दरवर्षी जालिंदरच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तो गेला त्या दिवशी, घरी बुद्धवंदना झाली की सगळे विहिरीवर येतात आणि मला नवा दोर बांधतात. गाठ यशोधरा मारते. मग केशरबाई गावातल्या पोरांना भोवती बसवते. आधी घंटेची गोष्ट सांगते, म्हणजे पोरं जवळ सरकून बसतात. मग चौथ्या दगडाची सांगते, म्हणजे तीच पोरं विहिरीच्या काठापासून मागे सरकतात. दोन्ही गोष्टी सांगताना तिचा आवाज सारखाच असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी लिंपलेली कणगी असेल. तिच्यात काही गोड असेल, काही रडवणारं असेल. दोन्ही मिसळूनच असतं, वेगळं काढता येत नाही. तिला बंद ठेवू नका. अंधारात माझा दोर कुजला, तशा आठवणीही कुजतात. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, धीरानं ऐका आणि ऐकलेलं धाकट्यांना सांगा. गोड आठवणीतून हाताला एखादी गाठ शिकता येते. कडू आठवणीतून कुठला दगड हलतो ते कळतं. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना कुठंतरी हात पोहोचेल असं टांगून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

बाकी मी मजेत आहे. मला आता कोणी घरी नेत नाही, त्यामुळे रिकामा परत न करण्याचा रिवाजही तसा उरलेला नाही. पण काल वनमाला आली आणि माझ्या बोटाला पातीच्या कांद्याची जुडी बांधून गेली. ताजी, हिरवीगार. थोड्या वेळानं केशरबाई पाण्याला आली. तिनं ती जुडी सोडली, वनमालेला हाक मारली आणि दोघी मिळून भाजी निवडत लिंबाखाली बसल्या.